रिकाम्या गाडीचे माप

माझ्या व्यवसायाची सारी सामग्री एका ताम्हनात मावेल एवढीच होती. सुताची एक लांब दोरी, पितळेचा एक ओळंबा, खडूचे चार तुकडे, दोन्ही टोकांना खिळे ठोकलेली एक सागवानी पट्टी आणि लोखंडाच्या काही लहानमोठ्या पाचरी. एवढ्या भांडवलावर मी चिंचवडला, मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेला, मोटारींची चाके सरळ करून देत असे. आज याच कामासाठी गाडी यंत्रावर चढवतात, दिवे लुकलुकतात आणि मापांचा कागद छापून बाहेर येतो. त्या यंत्राला माझा मनापासून नमस्कार आहे. ते गिऱ्हाइकाशी वाद घालत नाही, आणि त्याला सोवळेओवळेही नाही. मला ते होते, आणि त्यापायी माझ्या हातून एकदा एका निरपराध माणसाची भाकरी गेली होती. ती हकीकत आजवर मी विनोद म्हणून सांगत आलो. लिहायला बसल्यावर मात्र ती तेवढी विनोदी राहत नाही.

मी मूळचा मोटारींतला नव्हे. कृष्णाकाठच्या एका पाठशाळेत काव्य, व्याकरण आणि थोडासा न्याय एवढे शिकून मी शास्त्री झालो. तेव्हा नुकतेच स्वातंत्र्य मिळाले होते आणि लवकरच पिंपरीच्या माळावर औषधांच्या कारखान्याच्या भिंती उठू लागल्या. या मुलखाला शास्त्र्यांची निकड नव्हती, मेकॅनिकांची फार होती. माझ्या मामांचे चिंचवडला गॅरेज होते. त्यांनी पहिल्या दिवशी माझ्या हाती पाना दिला आणि म्हणाले, "शब्दांचे अन्वय पुष्कळ लावलेस. आता चाकांचा लाव."

मी ते वाक्य आज्ञा म्हणून शिरसावंद्य मानले. पहाटे स्नानसंध्या, मग देवांबरोबर ओळंब्यालाही गंधाचा एक ठिपका, आणि त्यानंतर धोतराचा काचा मारून गाडीखाली. रस्त्याने जाणाऱ्या ट्रकवाल्यांना गाडीखालून बाहेर आलेली शेंडी पाहून फार मौज वाटे. "शास्त्रीबुवा, आज कोणत्या गाडीची मुंज?" असे ते ओरडून विचारीत. मी गाडीखालूनच उत्तर देई, "मुंज झालेली आहे. आता सोडमुंज करतो, म्हणजे सुखाने संसाराला लागेल."

बाहेरच्या माणसाला हे काम नीट समजावे म्हणून दोन शब्द सांगतो. मोटारीची पुढची चाके सरळ म्हणजे अगदी समांतर असतात, अशी सर्वांची समजूत असते. तसे नसते. चालताना ती किंचित बाहेर फाकतात, म्हणून उभी असताना ती केसभर आत वळलेली ठेवावी लागतात. दुसरे म्हणजे ती ओळंब्याशी तंतोतंत उभीही नसतात, थोडी कललेली असतात. आणि तिसरे, जे डोळ्यांना दिसतच नाही ते असे की, चाक ज्या खिळीभोवती वळते ती खिळी सायकलच्या पुढच्या चिमट्यासारखी मागे रेललेली असावी लागते. त्या रेलण्यामुळे वळण संपले की चाक आपण होऊन मार्गावर येते. या तीन गोष्टी जमल्या की गाडी ऋजू झाली. 'ऋजू' हा माझा आवडता शब्द. सरळ आणि सरळमार्गी हे दोन्ही अर्थ त्यात आहेत, आणि माझ्या अनुभवात मोटारींना पहिला साधतो तेवढा मालकांना दुसरा साधत नाही.

कारखान्यातून जशी आली तशीच राहिलेली गाडी ऋजू करणे हे काही फार अवघड नाही. परीक्षा असते ती मालकाने स्वतःच्या अकलेने बदललेल्या गाडीत. गाडीचे धूड ज्यावर बसते ते पाटे म्हणजे धनुष्यासारख्या वाकवलेल्या पोलादी पट्ट्यांचे थर. कोणी त्यांत भर घाली, कोणी काही काढून टाकी. मावळातले एक इनामदार होते. त्यांना खड्डे सोसत नसत, म्हणून त्यांनी निम्मे पाटे काढवले. त्यांची गाडी माझ्या दारात आली ती अंडी उबवायला बसलेल्या कोंबडीसारखी. "शास्त्रीबुवा, हिला सरळ करा," ते म्हणाले. मी म्हणालो, "सरकार, आधी तिला उभी करू." ते आठ दिवस रागावले. नवव्या दिवशी गाडी पाट्यांसह परत पाठवली, वर चार नारळ. अशा गिऱ्हाइकांवर माझा लोभ असे. त्यांच्या गाड्यांत त्यांचा स्वभाव उतरलेला असतो, आणि तो मोजता येतो.

असा स्वभाव उतरलेली सर्वांत विलक्षण गाडी चाकणचे कांद्याचे अडते सावळेरामशेठ यांची. ती मूळची मुंबईच्या कोणा धनिकाची, युद्धापूर्वीची, लांबलचक विलायती मोटार. शेठनी ती हौसेने घेतली आणि चाकणच्या लोहाराकडून तिच्या मागच्या बाजूला, दोन्ही अंगांना, मोडीत निघालेल्या ट्रकचे तीन तीन पाटे घालून घेतले. त्यामुळे तिचे शेपूट हातभर वर आणि नाक खाली, अशी ती सदैव कोणाच्या तरी पाया पडल्यासारखी दिसे.

ती प्रथम माझ्याकडे आली तेव्हा कांदेनवमी होऊन चारच दिवस झाले होते. ज्यांच्या घरी हा परिपाठ नाही त्यांच्यासाठी सांगतो. आषाढात त्या नवमीला कांदा पोटभर खाऊन घ्यायचा आणि मग चातुर्मास संपेपर्यंत त्याचे नाव घ्यायचे नाही. त्या दिवशी मी स्वतः कांद्याची थालीपिठे किती खातो, हे इथे सांगण्याची आवश्यकता नाही. तर शेठनी गाडीचे दार उघडले, आतून कांद्याच्या पापुद्र्यांचा एक लोट बाहेर उडाला आणि माझा हात आपोआप उपरण्याकडे व उपरणे नाकाकडे गेले. मी एक अक्षर बोललो नाही. शेठनी मात्र ते पाहिले.

शेठबरोबर त्यांचा ड्रायव्हर गेनू होता. चाळिशीचा, उंच, युद्धात लष्कराच्या गाड्या हाकून आलेला. बोलणे मोजके, आणि उभा राहिला की दाराची चौकट उभी आहे असे वाटे.

"शास्त्रीबुवा, गाडी डावीकडं वढती म्हंतोय आमचा डायवर," शेठ म्हणाले. "तुमी बगा. तुमचा शब्द शेवटचा."

"म्हंतोय न्हाई शेठ," गेनू म्हणाला. "वढतीच."

मी विचारले, "शेठ, एवढ्या मोटारीला ट्रकचे पाटे कशासाठी घातलेत?"

शेठ क्षणभर अडखळले. "रस्ता लई वंगाळ हाय, बुवा. बायकूला हादरं बसत्यात."

"अहो, कडक पाट्यांनी हादरे वाढतात."

"आमची बायकू बी कडकच हाय," शेठ म्हणाले, आणि आम्ही सगळे हसलो. गेनू तेवढा हसला नाही. त्याने शेठकडे पाहिले, शेठनी त्याच्याकडे डोळे वटारले. या नेत्रपल्लवीचा अर्थ मी लावायला हवा होता. न्याय शिकलेल्या माणसाला एवढे जमायला हरकत नव्हती. पण मी हसण्यात होतो.

शेपूट वर म्हणजे पुढच्या खिळ्यांचे रेलणे मोडले, हे उघडच होते. मी पुढच्या पाट्यांखाली पाचरी बसवून ते रेलणे परत आणले, चाकांची फाक नीट केली, दोऱ्या ताणल्या, मापे जुळली. शेठ आनंदाने गेले. पंधरा दिवसांनी गाडी परत आली. "वढती," गेनू म्हणाला.

या दुसऱ्या वेळी मोटारीत फरक पडलेला होता. मोशीच्या पुलाखाली इंद्रायणीवर धुऊन ती लख्ख केलेली होती, आत उदबत्तीचा वास दरवळत होता आणि नाकावर जास्वंदीचे फूल होते. मी मनात म्हटले, किती भाविक माणूस! पुन्हा दोऱ्या ताणल्या. मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंतचे अंतर डावीकडे जेवढे तेवढेच उजवीकडे. ओळंबा स्थिर. पाचरी जागच्या जागी. मी उगाच एक नट पिळला, मालकाच्या समाधानासाठी, आणि गाडी परत दिली.

तिसऱ्या वेळी ती आली तेव्हा तिचा डावीकडचा दिवा फुटलेला होता आणि मडगार्ड चेपलेले होते. मोशीच्या उतारावर गाडी रस्त्याकडेच्या चारीत गेली होती. जीव कोणाचा गेला नव्हता, पण चाकणच्या बाजारात बोलणे सुरू झाले होते की गेनू पितो. सकाळी प्यालेला असतो, म्हणून गाडी डावीकडे जाते आणि दोष गाडीला देतो. लष्करातून आला आहे, सवय असणारच.

"शास्त्रीबुवा," शेठ गंभीरपणे म्हणाले, "आज सोक्षमोक्ष करा. दोष गाडीत हाय का मान्सात, ते सांगा. तुमी म्हनाल ते खरं."

मी त्या दिवशी दोन तास मोजत होतो. इतक्या निगुतीने मी कधी मोजले नसेल. गाडीखाली पाठीवर पडून एक एक सांधा चाचपला. शेवटी बाहेर आलो, हात पुसले आणि म्हणालो, "शेठ, गाडीत दोष नाही."

"मंग कुनात हाय?"

मी दोरी गुंडाळू लागलो. उत्तर न देणे हे मला त्या वेळी संयमाचे लक्षण वाटले.

गेनू पुढे आला. "बुवा, तुमी गाडी मोजली. म्या ती चालवतो. येकदा माज्या संगट बसा की. चाकनास्नं निगू, सक्काळी. तुमचं तुमाला कळंल."

"गेन्या!" शेठ ओरडले.

आणि मी, ओळंब्याला रोज गंध लावणारा मी, म्हणालो, "गेनू, रेषा खोटे बोलत नाहीत."

त्याने खिशातून किल्ली काढली, शेठच्या हातावर ठेवली आणि भोसरीच्या दिशेने चालू लागला. चाकण तिथून सहा-सात कोस. पिणारा म्हणून काढलेल्या ड्रायव्हरला त्या रस्त्यावर दुसरा मालक मिळत नसे, हे मला ठाऊक होते. शेठनी गाडी स्वतः चालवत नेली; तिचे गिअर बदलताना जो आवाज झाला तो शेजारच्या गिरणीपर्यंत ऐकू गेला असेल.

दुसऱ्या दिवशी पहाटे जपाला बसलो. चित्त एकाग्र करण्याचा जितका प्रयत्न करावा तितका डोळ्यांपुढे त्या गाडीचा तळ येऊ लागला. तळाला, मागची चाके जोडणाऱ्या धुऱ्याच्या वर, दोन्ही बाजूंना रबराचा एकेक ठोकळा असतो. गाडी फारच दबली तर लोखंड लोखंडावर आदळू नये म्हणून. त्यांतला उजवीकडचा ठोकळा मला दिसला. सहाणेसारखा गुळगुळीत झिजलेला, चकचकीत. डावीकडच्याला नुसता ओरखडा. मी तो तीनदा पाहिला होता, आणि तीनदा पुढच्या सांध्याकडे वळलो होतो.

आता, ट्रकचे तीन पाटे घातलेल्या रिकाम्या गाडीचा धुरा त्या ठोकळ्यापासून वीतभर खाली असतो. तो तिथवर पोहोचणे अशक्य. ज्या अर्थी ठोकळा झिजला, त्या अर्थी गाडीवर काही तरी प्रचंड ओझे पडत होते, आणि ते पडले की उजवी बाजू जास्त दबत होती. पाटा दबला की सपाट होतो, सपाट झाला की लांबतो, आणि धुऱ्याचे ते टोक मागे सरकते. मागची चाके अशी उजवीकडे तोंड करून तिरकी झाली की गाडीचे शेपूट उजवीकडे सरते, आणि पुढची चाके कितीही सरळ असोत, नाक डावीकडे जाणारच.

न्यायशास्त्रात उपाधी नावाची एक वस्तू आहे. अग्नी असला की धूर असतोच, असे म्हणणारा फसतो, कारण धूर येतो तो ओल्या लाकडामुळे. ते ओले लाकूड म्हणजे उपाधी. लपून बसलेली अट. मी पाठशाळेत हा विषय उत्तम मार्कांनी उत्तीर्ण झालो होतो. माझ्या साऱ्या मापांत 'गाडी रिकामी असताना' ही अट लपून बसलेली होती, आणि तिच्या आधाराने मी एका माणसाला पिणारा ठरवले होते. जप पूर्ण केला की नाही, मला आठवत नाही. देवाला आठवत असेल.

रिकामे बारदान घेऊन चाकणला निघालेल्या एका ट्रकला हात केला आणि सामग्री घेऊन वर चढलो. चाकणच्या बाजारात उतरलो तेव्हा लिलाव ऐन भरात होता. जिकडे पाहावे तिकडे कांद्याचे ढीग, पापुद्रे उडताहेत, हमाल पोती वाहताहेत, आणि त्यात चातुर्मासात हातात ओळंबा घेऊन उभा असलेला मी.

"शास्त्रीबुवा, वाट चुकला काय?" माल तोलणारा एक तोलारी ओरडला.

"आवं, नवमी हून म्हयना झाला की!" दुसरा म्हणाला. "आता आटवन झाली व्हय?"

सावळेरामशेठनी मला पाहिले आणि त्यांची भंबेरी उडाली. "आरं, झाका! पोती झाका! बुवा आल्यात!" ते हमालांना ओरडले. हमालांनी एकदा शेठकडे पाहिले, एकदा त्या अफाट बाजाराकडे पाहिले, आणि एकाने आज्ञाधारकपणे दोन पोत्यांवर एक गोणपाट टाकले.

"शेठ," मी म्हणालो, "ते गोणपाट काढा. आणि मला खरे सांगा, त्या मोटारीत तुम्ही काय भरता?"

शेठ पायाच्या अंगठ्याने जमीन उकरू लागले. मग हळूहळू बाहेर आले. रोज पहाटे मागची बैठक काढून ते सहा पोती निवडक माल गाडीत भरीत आणि ट्रकवाल्यांच्या आधी पुण्याच्या मंडईत पोहोचवीत. मोटारीचा मान आणि मालमोटारीचे काम, दोन्ही एकाच वाहनात साधले होते. माझ्याकडे येण्याच्या दिवशी मात्र माल उतरवून, बैठक परत बसवून, आणि पहिल्या खेपेनंतर तर गाडीला नदीवर न्हाऊही घालून आणत. आणि गेनूला सक्त ताकीद होती की शास्त्रीबुवांच्या पुढे कांद्याचे नाव काढायचे नाही.

"अहो, पण मला का नाही सांगितलेत?"

"तुमी नाकाला उपरनं लावलं व्हतं की वो," शेठ कळवळून म्हणाले. "चातुर्मासात तुमाला इटाळ कशापायी करायचा?"

माझ्या नाकाने माझ्या डोळ्यांना फसवले होते, आणि त्या नाकाचा मान राखण्यासाठी हा भला माणूस दोनदा गाडी धुऊन आला होता.

"भरा," मी म्हणालो. "सहाच्या सहा पोती. रोज भरता तशी."

"तुमच्या म्होरं? न्हाई बुवा, पाप लागंल."

"पाप काल लागले आहे, शेठ. ते उतरवायला आलो आहे."

पोती भरली. वर उचललेले शेपूट खाली आले, गाडी प्रथमच सपाट झाली. पण नीट पाहिले तर उजव्या अंगाला झुकली होती. लोहाराने उजवीकडे घातलेले पाटे दुसऱ्याच कुठल्या ट्रकचे, म्हातारे झालेले होते. मी दोऱ्या ताणल्या. भोवती बाजार जमला. डावीकडचे अंतर किंचित वाढलेले. उजवीकडचे त्याहून अर्ध्या बोटाने जास्त. मी तीनदा मोजले. तीनदा मोजण्याची मला खोडच आहे, आणि ती किती निरुपयोगी ठरू शकते हे आता मला माहीत होते.

"गेनूला बोलवा," मी म्हणालो.

तो फार लांब नव्हताच. बाजाराच्या दुसऱ्या टोकाला हमालांच्या रांगेत उभा होता. ड्रायव्हरचा खाकी कोट घडी करून खांद्यावर टाकलेला, म्हणजे पोत्याने खांदा सोलू नये. तो आला. मी त्या सर्व माणसांपुढे म्हणालो, "हा प्यालेला नव्हता. दोष गाडीत होता, आणि तो न दिसण्याचा दोष माझ्यात. गेनूभाऊ, मला क्षमा करा."

शेठनी किल्ली पुढे केली. "घे रं गेनू."

गेनूने किल्ली घेतली नाही. "बुवा, तुमी तीनदा मोजलं," तो म्हणाला. "आनि मला म्हनला, रेषा खोटं बोलत न्हाईत."

"म्हणालो."

"रेषा न्हाईच बोलल्या. त्यांना कुनी इचारलं कुटं, गाडीत कांदं हायती का म्हून?"

लोक हसले. मी मान खाली घातली. न्यायातली उपाधी समजावून सांगायला मला एक परिच्छेद लागला होता.

"पर म्या म्हंतो, ह्ये बाजारात सांगून काय व्हतंय?" तो पुढे म्हणाला. "बाजार सांजच्याला उठतो. आमच्या घरात यिऊन सांगा."

मी त्याच्या मागोमाग गेलो. दोन गल्ल्या पलीकडे त्याचे घर होते. त्याची बायको अंगणात दाणे पाखडत होती. डोईवर पदर ओढून ती उभी राहिली. मी तिला सारे सांगितले, पाट्यांसकट आणि दोऱ्यांसकट. तिला त्यातले किती कळले देव जाणे. पण शेवटचे वाक्य तिने बरोबर उचलले.

"म्हंजी ह्ये पीत न्हाईत?"

"नाहीत."

"म्या आठ दिस रोज सांजच्याला त्वांड हुंगत व्हते," ती नवऱ्याकडे पाहत म्हणाली. "कांद्याबिगर कसलाच वास येत नव्हता. मला वाटलं, वास मारायला कांदा खात्यात."

गेनू त्या दिवशी प्रथम हसला. तिने मला गूळ आणि पाणी दिले, आणि मग नवऱ्याला म्हणाली, "जावा की आता. किल्ली का मंग शेठनंच धरून ठिवायची?"

दुरुस्तीला दोन दिवस लागले. मी देवळाच्या ओवरीत राहिलो. उजवीकडचे पाटे उतरवून लोहाराकडून तापवून, ठोकून पुन्हा धनुष्यासारखे करवले. डावीकडच्या पाट्याची कमान मी जमिनीवर खडूने काढून ठेवली होती, तिच्याशी जुळेपर्यंत लोहाराला सोडले नाही. तो बिचारा म्हणाला, "बुवा, म्या नांगर बी यवडा नीट केला न्हाई." मग पोती भरलेल्या गाडीवर पुढच्या पाचरी बदलल्या. रिकामी असताना ती थोडी इकडेतिकडे भरकटेल, एवढे सोसावे लागेल, असे शेठना बजावले. दोन्ही अवस्थांत परिपूर्ण असणे हे त्या गाडीला शक्य नव्हते, आणि त्या बाबतीत ती एकटी होती असेही नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी परीक्षा. गेनू चक्राशी, शेठ त्याच्या शेजारी. मागे बैठक नव्हतीच, सहा पोती होती, आणि पोत्यांवर मी. शेठनी मागे वळून भीत भीत विचारले, "बुवा, उपरनं?" मी उपरण्याची घडी केली आणि पोत्यावर अंथरून तिच्यावर बसलो. कांद्याच्या त्या उग्र दर्पात डोळ्यांना पाणी येत होते. ते कशाचे हे विचारण्याइतके शेठ अविचारी नव्हते.

चाकण मागे पडले. गाडी कशी चालते आहे यावर बोलण्याचा माझा अधिकार तूर्त संपलेला होता. मोशीचा उतार आला, जिथे गाडी चारीत गेली होती तो. डावीकडे चारी तशीच, मडगार्डाने खरवडलेली तिची कड अजून ताजी. गेनूने वेग कमी केला नाही. उताराच्या माथ्यावर त्याने आधी एक हात चक्रावरून उचलला, मग दुसरा.

"आरं धर! धर! गेन्या, धर की!" शेठ किंचाळले.

गाडी रस्त्याच्या मधोमध, तसूभरही न हलता, सरळ उतरू लागली. गेनूने दोन्ही तळवे छातीशी जोडले, समोरच्या आरशात माझ्याकडे पाहिले आणि मान किंचित लववून मला नमस्कार केला.

आयुष्यात मला पुष्कळांनी नमस्कार केले. देवळात, लग्नकार्यात, श्राद्धपक्षात. आणि प्रत्येकाला मी उजवा हात उचलून आशीर्वाद दिला. त्या एका नमस्काराला मात्र देऊ शकलो नाही. माझ्या दोन्ही हातांनी कांद्याचे पोते घट्ट धरलेले होते.